वर्षातले ‘सर्वोत्तम’ अल्बम ठरतात कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर डिसेंबरला इंग्रजी मासिकांच्या आणि संकेतस्थळांच्या ‘वर्षातले सर्वोत्तम अल्बम’ याद्या येतात. वरची पाच-सहा नावं सगळीकडे तीच असतात. तुम्ही वर्षभर जीव लावून ऐकलेला अल्बम मात्र पहिल्या पन्नासातही नसतो. मग हे समीक्षक खरंच सगळं ऐकतात का, कंपन्यांकडून पैसे घेतात का, की एकमेकांच्या याद्या उतरवतात? आणि आपली स्वतःची यादी करायची झाली तर ती कशी करावी?

मी बावीस वर्षं संगीतावर लिहितोय. आधी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात लिहायचो, आता पुण्यातून निरनिराळ्या मासिकांसाठी लिहितो. दरवर्षी अशा याद्यांसाठी दोन-तीन ठिकाणी मतपत्रिका भरतो. जे सांगतोय ते या अनुभवातून. प्रत्येक मासिकाची रीत वेगळी असते आणि रॉक-पॉपच्या यादीचे नियम जॅझच्या किंवा शास्त्रीय संगीताच्या यादीला लागू पडतीलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. एका माणसाने स्वतःचे दहा अल्बम निवडणं हे एक काम. अशा वीस किंवा पाचशे माणसांच्या दहा-दहा अल्बमांमधून मासिकाची एक यादी काढणं हे दुसरं. पहिलं काम कानाचं आणि स्मरणाचं आहे, दुसरं बेरजेचं. तुम्हाला खटकणारा सारखेपणा बहुतांशी दुसऱ्या कामात तयार होतो. तुमचा आवडता अल्बम मात्र पहिल्याच कामात गळतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. कुणी तो नाकारलेला नसतो. तो कुणी दुसऱ्यांदा ऐकलेलाच नसतो.

हे नीट कळावं म्हणून तासांचा हिशेब मांडतो. मी आठवड्याला साधारण दहा नवे अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो. एक अल्बम ४५ मिनिटांचा धरला तर आठवड्याचे साडेसात तास झाले. वर्षाला ५२० अल्बम आणि ३९० तास, तेही प्रत्येक अल्बम फक्त एकदा ऐकून. माझा नियम असा की पाच वेळा ऐकल्याशिवाय कोणताही अल्बम यादीत घ्यायचा नाही. म्हणजे शेवटच्या चाळणीतले चाळीस अल्बम आणखी चार-चार वेळा ऐकायचे, त्याचे १२० तास वेगळे. शिवाय लेखन, मुलाखती, कार्यक्रम आणि घर आहेच. एवढं करूनही त्या वर्षी जगात निघालेल्या अल्बमांचा अगदी छोटा अंशच माझ्या कानावर पडतो. तेव्हा ‘सगळं ऐकतात का’ याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कुणालाच ते शक्य नाही.

मग दुसऱ्यांदा काय ऐकलं जातं? संपादकाने ज्याचं परीक्षण लिहायला दिलं ते. ज्याची लिंक प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांनी महिनाभर आधी पाठवली ते. ज्या कलाकाराचा मागचा अल्बम आवडला होता त्याचं नवं काम. आणि ज्याबद्दल बाकीचे समीक्षक बोलत आहेत ते. सारखेपणाची सुरुवात इथे होते. समीक्षक एकमेकांची यादी बघून उतरवत नाहीत. पण तीच लिंक त्याच आठवड्यात त्याच दोनशे लोकांकडे जाते, ते त्यावर लिहितात, एकमेकांचं वाचतात आणि ज्याने पहिल्यांदा अर्धवट मनाने ऐकलं होतं तोही पुन्हा ऐकतो. कोल्हापुरातल्या किंवा ग्लासगोतल्या एखाद्या गटाने स्वतःच्या पैशाने काढलेल्या अल्बमला ही दुसरी संधी मिळत नाही. तो पहिल्याच फेरीत, कदाचित बसमध्ये, कदाचित माझं डोकं दुखत असताना ऐकला जातो आणि वहीत त्याच्यापुढे एक ओळ उरते.

या वहीबद्दल जरा सांगतो, कारण माझी सगळी निवड तिच्यावर उभी आहे. प्रत्येक अल्बमसाठी मी तारीख, कुठे आणि कशावर ऐकला, आणि एक वाक्य लिहितो. गुण देत नाही. गुण दिले की नोव्हेंबरमध्ये मी त्या आकड्याशीच इमान राखू लागतो, पुन्हा ऐकताना काय वाटलं ते बाजूला पडतं. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीतून पुण्याला येत होतो. खालापूरचा टोलनाका मागे पडला, घाट सुरू झाला आणि गाडीत लागलेल्या गाण्याने मी बोलता बोलता थांबलो. हे कोण, म्हणून विचारलं. घरी येऊन वह्या काढल्या. तो अल्बम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता आणि पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सुरुवात संथ. नंतर बघू.’ ते ‘नंतर’ तीन वर्षांनी, दुसऱ्याच्या गाडीत आलं. त्या वर्षीच्या माझ्या यादीतल्या दहांपैकी निदान सहा अल्बमांपेक्षा तो उजवा आहे. याची खंत मला आजही आहे, कारण त्या गायिकेला त्या वेळी चार ओळींची मदत झाली असती. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा मी ‘नंतर बघू’ लिहिलेल्या नोंदींसाठी राखून ठेवतो. त्या आठवड्यात नवं काहीही ऐकत नाही.

दिवाळीनंतर मी मागे जातो, जानेवारी-फेब्रुवारीतल्या अल्बमांकडे. ऑक्टोबरमध्ये ऐकलेलं कानात ताजं असतं, जानेवारीतलं विरून गेलेलं असतं. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या कामावर दरवर्षी अन्याय होतो. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे जुने अल्बम आधी आणि नवे नंतर ऐकणं. शक्य झालं तर एकदा स्पीकरवर, खोलीत दुसरं कुणी असताना ऐकतो. हेडफोनवर फार मोठं वाटलेलं काही काम खोलीत चपटं होतं, आणि उलटही होतं.

दहा नावं पक्की झाली की क्रम लावायचा. इथे खरं सांगायचं तर पहिले तीन मला नक्की माहीत असतात. चौथा-पाचवा मी भांडून ठरवतो. सहा ते दहा हा क्रम मंगळवारी एक आणि गुरुवारी दुसरा असू शकतो. अडलो तर दोन अल्बम समोरासमोर ठेवतो आणि विचारतो, पुढच्या वर्षी यातला एकच ऐकायला मिळणार असेल तर कोणता? ‘महत्त्वाचा कोणता’ असं मी विचारत नाही. माझे काही सहकारी विचारतात आणि त्यांची बाजू मला समजते: यादी म्हणजे त्या वर्षाची नोंद, म्हणून ज्याने वर्ष बदललं ते वर हवं. पण कशाने काय बदललं हे डिसेंबरात दिसतं, यावर माझा विश्वास नाही. पिचफोर्क या संगीतपरीक्षणाच्या संकेतस्थळाने २००१ साली डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला दहापैकी ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये त्यांनी आपल्या १९ जुन्या परीक्षणांचे गुण नव्याने मांडले, तेव्हा त्याच अल्बमला पूर्ण १० दिले. त्या संपादकांनी हे उघडपणे केलं याचं मला कौतुक वाटतं. महत्त्व ठरायला अशी वीस वर्षं लागत असतील, तर पाच वेळा ऐकून पुन्हा ऐकावंसं वाटतं की नाही, एवढंच मी डिसेंबरात प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आता दुसरं काम, बेरजेचं. यासाठी ‘पॅझ अँड जॉप’ हे मतदान समजून घेण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी ते १९७१ मध्ये एकदा घेतलं, आणि १९७४ पासून ते दरवर्षी होऊ लागलं. २०१८ च्या अल्बमांपर्यंत ते चाललं. शेकडो समीक्षक त्यात मत देत. प्रत्येकाला दहा अल्बम आणि १०० गुण. एका अल्बमला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५.

या एका नियमाने काय फरक पडतो बघा. समजा वीस समीक्षक आहेत. अल्बम ‘अ’ बारा जणांना बरा वाटला, सगळ्यांनी त्याला पाचवा क्रमांक दिला. अल्बम ‘ब’ तिघांच्या जीवाला लागला, तिघांनीही पहिला दिला, बाकीच्यांनी ऐकलाच नाही. बहुतेक ठिकाणच्या साध्या पद्धतीत पहिल्याला १० गुण आणि दहाव्याला १ असं असतं. पाचव्याचे सहा, म्हणून ‘अ’ला बारा जणांचे मिळून ७२ मिळाले, ‘ब’ला ३०. ‘ब’ कुठेतरी खाली जाईल. आता पॅझ अँड जॉपची रीत लावा. तिघांनी ‘ब’ला प्रत्येकी ३० दिले तर त्याचे ९० होतात. बारा जणांनी ‘अ’ला सात-सात दिले तर ८४. ‘ब’ पुढे गेला! समीक्षक तेच, आवडी त्याच, यादी वेगळी.

आजच्या बहुसंख्य याद्या पहिल्या पद्धतीच्या आहेत. म्हणून पहिल्या क्रमांकावर सहसा तो अल्बम येतो ज्याच्यावर कुणाचाच राग नाही आणि जो सगळ्यांनी ऐकलाय. तुम्हाला दिसणाऱ्या सारख्या पाच नावांमागे कट नाही, बेरीज आहे. तिचा परिणाम पटत नसेल तर मासिकाच्या एकत्रित यादीखाली प्रत्येक समीक्षकाच्या वैयक्तिक याद्या छापल्यात का ते बघा. पॅझ अँड जॉप त्या छापत असे, आणि मी स्वतः संगीत शिकलो ते बरंचसं त्या बारीक टाइपातून. एकाच माणसाच्या मतपत्रिकेत असलेलं नाव शोधून ऐकायचं, ही सवय तेव्हापासूनची.

सगळी मासिकं बेरजेवर थांबत नाहीत, हेही सांगायला हवं. मतं मोजून झाली की संपादक बसतात. वरच्या दहात सगळेच गिटारवाले आहेत, रॅप बाराव्यावर ढकललं गेलंय, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं एकही नाही, अशा गोष्टी तेव्हा ध्यानात येतात आणि हलवाहलव होते. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही, कारण कच्ची बेरीज तरी निष्पक्ष कुठे असते? मतदार कोण निवडले यावर ती अवलंबून असते. रोलिंग स्टोन मासिकाची ‘५०० थोर अल्बम’ ही वर्षअखेरची यादी नव्हे, पण उदाहरण म्हणून बोलकी आहे. २००३ मध्ये तिच्यात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० मध्ये त्यांनी मतदार नव्याने आणि अधिक व्यापक निवडले, तर पहिला आला मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. १९६७ चा अल्बम आणि १९७१ चा अल्बम. २००३ ते २०२० या सतरा वर्षांत त्या ध्वनिमुद्रणांत एक सूरही बदलला नव्हता, बदलले होते ते मत देणारे.

तारखांचा भाग छोटा आहे, पण त्याने फार घोळ होतात. दिवाळी अंकाचा लेख जसा आषाढ-श्रावणात लिहून द्यावा लागतो, तशीच ही मतपत्रिका बहुधा नोव्हेंबरातच द्यावी लागते, छापील मासिकांना कधी त्याहून आधी. नाताळच्या खरेदीच्या दिवसांत यादी वाचकांसमोर असावी हा हेतू. मग डिसेंबरात येणाऱ्यांचं काय? बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ ला कोणतीही पूर्वसूचना न देता आपल्या नावाचा अल्बम काढला, तेव्हा कितीतरी याद्या छापून झाल्या होत्या. पुढच्या वर्षी १५ डिसेंबरला डीअँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ आला आणि तेच झालं. पॅझ अँड जॉपचं मतदान मात्र उशिरा व्हायचं, म्हणून २०१४ च्या त्या मतदानात तोच पहिला आला. द क्लॅश या ब्रिटिश गटाचा ‘लंडन कॉलिंग’ तर ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ ला निघाला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० ला. पॅझ अँड जॉपमध्ये तो १९८० चा सर्वोत्तम ठरला, आणि पुढे रोलिंग स्टोनने त्याला नव्वदच्या उंबरठ्यावर ऐंशीच्या दशकाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. ब्रिटिश वाचकाच्या कपाटात तो सत्तरच्या दशकातला अल्बम होता.

आता पैशांबद्दल. मला आजवर यादीसाठी कुणी पैसे देऊ केले नाहीत. दबाव येतो तो वेगळ्या वाटेने. नोव्हेंबर लागला की ‘आमच्या कलाकाराचा वर्षअखेरीस विचार व्हावा’ अशा मेलचा पाऊस पडतो. तो मी सगळा न उघडता पुसतो. कार्यक्रमाची तिकिटं, मुलाखतीची वेळ, पुढच्या अल्बमची आगाऊ लिंक या गोष्टी कुणाशी संबंध कसे आहेत त्यावर मिळतात, आणि हे न बोलता सगळ्यांना माहीत असतं. एकदा एका दैनिकाच्या संपादकाने मला सांगितलं, अमुक कलाकाराचा मोठा कार्यक्रम आपलाच समूह करतोय, तेव्हा त्याला पहिल्या पाचात घ्या. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. यादी छापली, तो कलाकार तिसरा आला आणि खाली कुणाचंच नाव नव्हतं. म्हणून मी वाचकाला नेहमी सांगतो, यादी कुणी केली ते लिहिलंय का, हे पहिलं बघा.

आपल्याकडचा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि मला तो जवळचा वाटतो. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ध्वनिमुद्रित केला. रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर भैरव, मधुवंती असे राग वाजवलेले. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने तो पुन्हा काढला आणि युरोपातले लोक थक्क झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी जे नृत्यसंगीत अ‍ॅसिड हाउस म्हणून ओळखलं गेलं त्याच्या फार जवळचं काहीतरी मुंबईत आधीच वाजून गेलं होतं. हा अल्बम कोणत्या वर्षाच्या यादीत घालणार? १९८२ ची यादी करणाऱ्यांपर्यंत तो पोचला नव्हता, आणि २०१० चा तर तो नव्हेच. बहुतेक मासिकं अशांसाठी पुनर्प्रकाशनांची वेगळी यादी करतात आणि मला ती मुख्य यादीपेक्षा जास्त आवडते. मागच्या पिढ्यांनी न ऐकलेलं तिथे सापडतं.

आणि आपलं रागसंगीत तर अल्बमच्या चौकटीत बसतच नाही. डिसेंबरात मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातून रात्री घरी येतो, टेबलावर स्वतःच्या यादीचा कागद पडलेला असतो, आणि वर्षभरात ऐकलेलं सगळ्यात थोर गाणं त्या कागदावर लिहिता येत नाही, कारण ते त्या संध्याकाळी एकदाच झालं. मी ते कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवतो. मासिकाला फक्त पुढची बाजू गेलेली असते.

शेवटी तुमच्या यादीबद्दल. ती ऑक्टोबरअखेर करा, दुसऱ्यांच्या याद्या यायच्या आत. एकदा त्या वाचल्या की आपल्याला काय आवडलं होतं हे आठवणं फार कठीण होतं, मलाही होतं. स्ट्रीमिंग अ‍ॅप वर्षअखेरीस ‘तुम्ही सगळ्यात जास्त काय ऐकलंत’ ते दाखवतं, त्यावर विसंबू नका. स्वयंपाक करताना मागे लागलेलंही त्याच्या मोजणीत येतं. दहा नावंच घ्या, पंचवीस नको, कारण नावं गाळतानाच आपल्याला काय हवंय ते कळतं. प्रत्येकापुढे एक वाक्य लिहा, ज्यात त्या अल्बममधल्या एखाद्या नेमक्या जागेचा उल्लेख असेल: तिसऱ्या गाण्यात ढोल थांबतात ती जागा, किंवा शेवटच्या कडव्यात आवाज फाटतो ती. अशी जागा आठवली नाही तर तो अल्बम पुन्हा ऐका. आठवत असेल आणि तो कोणत्याच यादीत नसेल, तर माझ्यासारख्या एखाद्या लिहिणाऱ्याला ते वाक्य आणि अल्बमचं नाव पाठवा. माझ्या ‘नंतर बघू’च्या आठवड्यात दरवर्षी असे पाच-सहा अल्बम असतात, जे मला वाचकांनी सुचवलेले आहेत, आणि गेल्या चार वर्षांत त्यातले दोन माझ्या पहिल्या दहात आले.